सहा बरण्या, सहा जॅम, एक मॅटी (फुलीच्या टाक्याचं काम, प्रगती इथेच टाकत जाईन)

ओसरीवरची_सुई (जळगाव) | १६ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३:१०

गेल्या दिवाळीत भाच्याने क्रॉस स्टिचचा एक ग्राफ छापून आणून दिला. लाकडी फळीवर जॅमच्या सहा बरण्या, दोन रांगांत तीन-तीन. १२६ फुल्या रुंद, ८४ उंच. बघताक्षणी आवडला. पण बरण्यांवर नावं कसली, तर रास्पबेरी, ब्लूबेरी, गूजबेरी. यातलं एकही फळ मी कधी हातात धरलेलं नाही. जे जिभेला ठाऊक नाही ते सुईने काय भरायचं? ग्राफ कपाटात गेला.

परवा कपाट आवरताना तो परत हाती लागला. तेव्हा टोपलीत कवठं पिकत होती आणि घरभर तो आंबूस-गोड वास सुटला होता. म्हटलं, बरण्या त्याच ठेवू, आतला माल आपला भरू.

नियम एकच केलाय: जो जॅम किंवा जेली मी स्वतः करीन आणि खाईन, तीच बरणी भरायची. बाटली खिडकीत उजेडाला धरायची, शेजारी दोऱ्याच्या लड्या धरायच्या, आणि जुळेल तो रंग घ्यायचा. ग्राफवरचे नंबर बाद.

पाच फळं ठरली आहेत: कवठ, पेरू, केळी, करवंद, जांभूळ. सहावी बरणी रिकामी आहे, सुचवा.

१४ काउंटची, म्हणजे इंचाला १४ घरं असलेली पांढरी मॅटी (फुल्या भरायचं चौकड्यांचं कापड), सहा पदरांतले दोन पदर, २४ नंबरची बोथट सुई. १२६ भागिले १४ म्हणजे ९ इंच, ८४ चे ६ इंच. चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोडून १५ बाय १२ चा तुकडा कापलाय.

---

खापर (अमळनेर) | १६ फेब्रुवारी, संध्या. ७:४२

काम छान आहे ताई, पण एक विचारते, रागावू नका. गुळांबा, साखरांबा, मोरावळा घरात असताना जॅम कशाला? जॅम म्हणजे शाळेच्या डब्यातली पोळीची गुंडाळी. सहाव्या बरणीत गुळांबाच हवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कैऱ्या येतीलच.

---

तापीकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मॅटी कुठून घेतलीत? मी शहरातल्या एका दुकानातून मीटरभर आणली. घरी येऊन मोजते तर आडव्या इंचात ११ घरं आणि उभ्या इंचात १२! गोल घड्याळ भरलं, त्याचं अंडं झालं.

---

ओसरीवरची_सुई | १७ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

@तापीकाठ, म्हणूनच आता दुकानात पट्टी घेऊन जाते. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच मोजायचं, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. ही मॅटी जाऊबाई सुरतेला गेल्या होत्या तेव्हा मागवली. दोरे अँकरचे घरात होते, थोडे डीएमसीचे घेतले. दोन्ही दोऱ्याच्या कंपन्या, आणि दोघांचे रंगांचे नंबर वेगळे असतात हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा. डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा ४०३.

@खापर काकू, गुळांब्याची जागा चिनीमातीच्या बरणीत. तिच्यातून रंग दिसत नाही, मग जुळवू काय? आणि काचेच्या बरणीत उजेडाला ठेवण्याइतके दिवस गुळांबा आमच्या घरी टिकतच नाही.

---

पथारी (शहादा) | १७ फेब्रुवारी, दुपारी १:३३

व माय, आमनी पपई कोठे गयी? जळगाववाल्यांना केळीपुढे काही दिसत नाही. शहादा-नंदुरबारकडे शिवारच्या शिवार पपईचं आहे. सहावी बरणी पपईची, विषय संपला. नाहीतर लाल मिरचीचा जॅम करा, मिरची आम्ही पुरवतो.

---

निवृत्त_बर्नर (धुळे) | १७ फेब्रुवारी, रात्री ८:५०

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सुईतलं कळत नाही पण बरणीतलं कळतं. जेली लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन फळातच असतं. जेलीला घट्टपणा देणारा हा पदार्थ फ्रान्सच्या ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये वेगळा करून त्याला नाव दिलं. कवठात आणि पेरूत ते भरपूर. केळी-पपईत आंबटपणा कमी, तिथे लिंबाला पर्याय नाही. साखर एकूण ६५ टक्क्यांच्या आसपास आली की पेक्टिनचे धागे एकमेकांत अडकून जाळं धरतात. एका अर्थी तुमच्या मॅटीसारखंच.

घरच्या घरी चाचणी: गाळलेला रस गार करून एक चमचा घ्या, त्यात दोन-तीन चमचे स्पिरिट घाला, हलवून पाच मिनिटं थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. बारीक तुकडे तरंगले तर कमी. चाचणीचा रस फेकून द्यायचा, चाटायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण एका विद्यार्थ्याने चाटला होता.

---

ओसरीवरची_सुई | १ मार्च, दुपारी ४:१५

बरणी पहिली: कवठ

महाशिवरात्रीला कवठाची चटणी होतेच, यंदा चार कवठं जास्त फोडली. गर बुडेल इतकं पाणी घालून अर्धा तास मंद शिजवला, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगला. फडकं पिळायचं नाही, हे आईने लहानपणीच बजावलेलं. पिळलं की जेली गढूळ होते. पहाटे दीड वाटी रस निघाला. सरांची चाचणी केली. बाप रे, बशीत अख्खा बेडूक बसल्यासारखा गोळा झाला!

तरी पहिला घाणा बिघडला. दीड वाटी रसाला दीड वाटी साखर घातली आणि 'अजून थोडं, अजून थोडं' करत आटवत राहिले. गार झाल्यावर चमचा उभा राहिला आणि तसाच राहिला. ती जेली आता मुलगा चॉकलेटसारखी चघळतो. दुसऱ्या घाण्याला फ्रीजरमध्ये बशी ठेवली, तिच्यावर थेंब टाकून बोटाने ढकलला. सुरकुती पडली की गॅस बंद.

आता खरी गंमत. कवठाचा गर तपकिरी, चिखलासारखा. मी तपकिरी लड्या काढून बसले होते. जेली खिडकीत धरली तर रंग कोकमाच्या आगळासारखा, गडद लाल! डीएमसीचे ८१४ आणि ८१५ जुळले, उजेड पडतो तिथे ४९८. तपकिरी लड्या परत डब्यात. ग्राफ बघून भरलं असतं तर हे कधी कळलंच नसतं.

एका बरणीत साधारण ७५० फुल्या आहेत. तासाला माझ्या नव्वदेक होतात. आणि एक व्यसन लागलंय: दीड फुटाचा दोरा सुईत ओवायचा, तो संपला की एक चमचा जेली. जेवणाचा हात वेगळा, सुईचा हात वेगळा. साय आणि कवठाची जेली शिळ्या भाकरीवर घालून बघा, मग बोला.

---

निवृत्त_बर्नर | १ मार्च, रात्री ९:३०

बेडूक आवडला. साखर आणि रस समसमान घेतलात ते कवठाला चालतं, कारण पेक्टिनही तसंच तगडं आहे. थर्मामीटर असेल तर १०४–१०५ अंशांना उतरवा.

पण ताई, हिशेब सांगतो. मोठ्या चमच्यात १५ ग्रॅम जेली धरली तर जवळपास १० ग्रॅम साखर. दिवसाला सहा वेळा सुई ओवलीत तर ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५ च्या.

---

ओसरीवरची_सुई | २ मार्च, सकाळी १०:०२

सर, आमच्या ह्यांनी तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आजपासून चमचा चहाचा, तोही अर्धा.

---

चौकट (पुणे, मूळ शिरपूर) | ९ मार्च, रात्री ११:१८

लेबलांचं काय ठरलं? इंग्रजी अक्षरांचे ग्राफ ढिगाने मिळतात, मराठीचे शोधून सापडत नाहीत. मी तोरणावर 'सुस्वागतम्' भरलं होतं, 'स्वा' आणि 'ग' शेजारी आल्यावर एकमेकांत घुसले.

---

ओसरीवरची_सुई | १० मार्च, दुपारी २:४०

मुलाची गणिताची वही घेऊन बसले आहे! लेबलाची पट्टी २० घरं रुंद. शिरोरेघ एक घर, अक्षर पाच घरं, वर अनुस्वाराला दोन आणि खाली ऊकाराला तीन. म्हणजे एका शब्दाला ११ घरं उंची लागते. 'पेरू' आणि 'केळी' आरामात बसतात. 'जांभूळ' जीव खातोय: काना, अनुस्वार, ऊकार आणि वर ळ.

पूर्ण फुलीने अक्षरं जाड होतात, म्हणून एका पदराच्या उलट टाक्याने करणार. काळ्याऐवजी ३३७१ घेतलाय, काळपट चॉकलेटी, डोळ्यांना टोचत नाही.

---

चौकट | १० मार्च, रात्री १०:५५

'कवठ'कडे नीट लक्ष द्या. उलट टाक्यात ठ चा गोल तिरक्या टाक्यांनी बंद करावा लागतो. एक टाका राहिला की ट होतो.

---

ओसरीवरची_सुई | २३ मार्च, संध्या. ५:३०

बरणी दुसरी: पेरू. फारसं सांगण्यासारखं नाही, पेरू शहाण्यासारखा वागला. निम्मे पिकलेले, निम्मे कडक घेतले (कडक पेरूत पेक्टिन जास्त), एका लिंबाचा रस. रंग तांब्यासारखा, ९२१ आणि ९२२. पाच दिवसांत बरणी भरून झाली.

फोटोत डावीकडच्या तीन ओळी चमकताना दिसतील. तिथे वरचा तिरका टाका उलट्या दिशेला गेला होता. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच बाजूला झुकला नाही तर उजेड वेगळा पडतो आणि दोऱ्याचा रंगच बदलल्यासारखा वाटतो. तिन्ही ओळी उसवल्या. उसवताना जेली खायची नाही, असा पोटनियम केलाय.

---

पथारी | २४ मार्च, सकाळी ८:१२

भलती भारी से ताई! पपई?

---

ओसरीवरची_सुई | २० एप्रिल, सकाळी ६:५०

बरणी तिसरी: केळी

रावेरच्या मामांकडे केळीची गाडी भरली जात होती. बाजूला पडलेल्या दोन फण्या घेऊन आले. केळीचा जॅम करू नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांचं बरोबर होतं, पण थोडंसंच.

सोलून एक किलो केळी, ६५० ग्रॅम साखर, पाच लिंबं. सोललेलं केळं हवेत दोन मिनिटं राहिलं की काळं पडतं, म्हणून लिंबाच्या रसातच कुस्करत गेले. तरी शिजताना पिवळा रंग गेला तो गेलाच. उरला भाजक्या मातीचा, किंचित गुलाबी. सासूबाई म्हणाल्या, "हा जॅम आहे की मडकं?" चव मात्र! दोन लवंगा टाकल्या होत्या, शिकरणीची मोठी बहीण वाटते.

इथे जरा अडले. केळ्याची बरणी पिवळी भरली तर बघणाऱ्याला पटेल, पण माझ्या बाटलीतला जॅम ४३५ आणि ४३७ आहे, म्हणजे मातकट. शेवटी नियम तो नियम. मातकटच भरली. नणंदेने फोटो बघून विचारलं, "चिंचेची का?"

उन्हाचं सांगायलाच नको. दुपारी हाताला घाम येतो आणि पांढरी मॅटी लगेच पिवळट होते. आता पहाटे साडेपाच ते साडेसात ओसरीवर, एवढाच वेळ.

---

खापर | २ मे, दुपारी १२:३०

आखाजी झाली, गुळांबा झाला, बरणी भरून ठेवली. काचेची आहे. टिकली तर कळवते.

मी जॅम केलेला नाही, पण एक विचारते. आमची आई बाटलीच्या तोंडावर वितळलेलं मेण ओतायची. तुम्ही ओतता का?

---

निवृत्त_बर्नर | २ मे, दुपारी १:१५

मेण आता नको. गार होताना ते कडेने सुटतं आणि त्या फटीतून बुरशी शिरते. बाटली दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, जॅम गरम असतानाच गरम बाटलीत भरा, झाकण लगेच घट्ट लावा.

---

ओसरीवरची_सुई | २५ मे, सकाळी ७:३५

बरणी चौथी आणि पाचवी

नणंद शहाद्याहून दोन पपया घेऊन आली, त्यामुळे @पथारी जिंकल्या. पपईला तीन लिंबं लागली. रंग ७४०, ७४१. पाचही बरण्यांत हीच लांबून डोळ्यात भरते, चवीला मात्र सगळ्यांत भोळी.

करवंदं सातपुड्याकडून येणाऱ्या एका आजींकडून घेतली. पानांच्या द्रोणात, मापाने. धुताना हात चिकाने चिकटले, बिया काढताना अर्धा दिवस गेला. जॅम मात्र असा आंबट-गोड झाला की अर्ध्या चमच्याचा नियम दोनदा मोडला. ८१६.

---

ओसरीवरची_सुई | २२ जून, सकाळी ९:०५

घात झाला. कोणी आहे का?

जांभळाचा जॅम काल केला. आज पहाटे पोळीला लावून खात होते आणि काम मांडीवर होतं. हो, माहीत आहे, माझाच नियम. थेंब मॅटीवर पडला, खालच्या फळीच्याही खाली. घाबरून कपड्याच्या साबणाची वडी घासली. जांभळा डाग निळसर-करडा झाला आणि पसरला!

---

खापर | २२ जून, सकाळी ९:२०

घाबरू नका. कापड पातेल्यावर ताणून धरा आणि वरून उकळतं पाणी ओता. फळांचे डाग असेच जातात.

---

निवृत्त_बर्नर | २२ जून, सकाळी ९:२६

थांबा! उकळतं पाणी कोऱ्या कापडाला ठीक. इथे शेजारी गडद लाल दोरे आहेत, त्यातला जादा रंग सुटला तर गुलाबी पूर येईल. मीठ-व्हिनेगरने दोऱ्याचा रंग पक्का होतो असंही कोणी सांगेल, त्यावर विसंबू नका.

साबण अल्कली. जांभळाचा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळा होतो. लिटमसचीच तऱ्हा. आधी मागच्या बाजूने गार पाणी सोडून साबण घालवा. मग लिंबाचा रस कापसाने टिपा, घासू नका.

---

ओसरीवरची_सुई | २२ जून, सकाळी १०:१०

लिंबू लावल्याबरोबर डोळ्यांदेखत गुलाबी झाला! मुलगा म्हणतो परत साबण लाव, परत बघू. त्याला बाहेर पाठवलंय.

---

निवृत्त_बर्नर | २२ जून, सकाळी १०:१८

मुलाला माझ्याकडे पाठवा. आता औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कानाच्या काडीने फक्त डागावर, दोऱ्यांपासून लांब. पंधरा मिनिटांनी गार पाण्याने धुवा. लागलं तर परत.

---

ओसरीवरची_सुई | २३ जून, सायं. ६:००

तीनदा केलं. तिळाएवढी फिकट चहासारखी खूण राहिली आहे. ती कडेपासून तीन बोटांवर आहे, फ्रेममध्ये दुमडून मागे जाईल.

बरणी सहावी: जांभूळ. १५४ आणि ५५०. भरताना जॅमची बाटली फ्रीजमध्ये, फ्रीज आत आणि मी ओसरीवर.

---

ओसरीवरची_सुई | १३ जुलै, दुपारी १२:४५

झालं!! काचेवरचा पांढरा उजेड सगळ्यात शेवटी भरला, आणि बरण्या एकदम गोल दिसायला लागल्या. गार पाण्यात धुतलं, टॉवेलवर पालथं घालून इस्त्री केली. काल फ्रेम होऊन आली. फोटो बघा.

---

पथारी | १३ जुलै, दुपारी १:०२

आमनी पपई!!!

---

तापीकाठ | १३ जुलै, दुपारी २:३०

सुरेख. घरं दोन्हीकडून सारखी दिसतायत, बरणी बरणीसारखी आहे. माझं घड्याळ आठवून वाईट वाटलं. ती मधली चिंचेची का?

---

चौकट | १३ जुलै, रात्री ११:४०

ताई, फारच देखणं झालंय. 'जांभूळ' तर मी मोठा करून बघितला, ऊकार काय सफाईने वळवलाय. वरच्या रांगेतली पहिली बरणी पण जरा मोठी करून बघाल का? लेबल.

---

ओसरीवरची_सुई | १४ जुलै, सकाळी ७:१५

कवट.

---

खापर | १४ जुलै, सकाळी ७:४०

वेलांटी नाही दिलीत ते बरं केलंत.

---

ओसरीवरची_सुई | १४ जुलै, सकाळी ८:०५

एक टाका! एक पदर, एक टाका! पाच महिन्यांत घरात रोज सहा जण बघत होते. फ्रेमवाल्याला फोन केला. काच उघडून परत बसवायचे दीडशे म्हणतो, आणि मागचा कागद फाटेल तो वेगळा.

---

निवृत्त_बर्नर | १४ जुलै, सकाळी ८:३०

काचेवरून बारीक मार्करने?

---

ओसरीवरची_सुई | १४ जुलै, सकाळी ८:३३

सर!!

---

खापर | १४ जुलै, दुपारी ४:१०

राहू द्या हो. कवठाची जेली शिल्लक आहे का? आमचा गुळांबा संपला.